संशोधनासाठी मोबाइल ॲप्स: ग्रंथालयातली कार्यशाळा आखायची कशी

दोन रॅकच्या मधल्या बोळात एक विद्यार्थिनी उभी असते. एका हातात जाड संदर्भग्रंथ, दुसऱ्या हातात फोन. पंधरा-वीस पानांचे फोटो काढते, पुस्तक टेबलावर ठेवते आणि तासाला पळते. सहा महिन्यांनी प्रबंधाचं प्रकरण लिहायला घेतल्यावर ते फोटो गॅलरीत सापडतात, पण शीर्षकपानाचा फोटो काढायचा राहिलेला असतो. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशनवर्ष, काहीच हाताशी नसतं. मग ती देवघेवीच्या टेबलापाशी येऊन सांगते, "मॅडम, निळ्या कव्हरचं पुस्तक होतं, खालच्या फळीवर."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की मोबाइल ॲप्सवरची कार्यशाळा घ्यायची असं ठरवलं तेव्हा सुरुवात कुठून करायची याचा विचारच करावा लागला नाही. तरी पहिल्या वेळी माझी आखणी चुकली. दीड तासात अकरा ॲप्स दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या, हजेरीपटावर सह्या झाल्या आणि महिन्याभराने विचारलं तर अकरांपैकी एकही ॲप कोणी वापरत नव्हतं. तेव्हापासून माझी कार्यशाळा ॲपभोवती फिरत नाही. संशोधकाचं एक काम घ्यायचं, ते त्याच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्याच विषयाच्या साहित्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करून घ्यायचं आणि मगच त्याला दाराबाहेर सोडायचं. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीसाठी आहे.

आधी दोन आठवडे फक्त ऐका

विषय ठरवण्याआधी टेबलावर एक वही ठेवा. फोनशी संबंधित जी अडचण येईल ती वाचकाच्या शब्दांत लिहून घ्या. "घरून लेख उघडत नाही", "पीडीएफ डाउनलोड होते पण जाते कुठे ते कळत नाही", "स्कॅन केलेलं शोधता येत नाही", "संदर्भसूची हाताने करतोय". दोन आठवड्यांत वहीचं दीड पान भरलं तरी पुष्कळ झालं, कारण त्याच त्या चार-पाच अडचणी पुन्हा पुन्हा येताना दिसतात.

त्याखेरीज निरनिराळ्या विषयांच्या पाच-सहा संशोधकांशी दहा-दहा मिनिटं बोला. "कोणतं ॲप शिकायला आवडेल?" असं विचारू नका, उत्तरात नुकतंच कानावर आलेलं नाव मिळतं. "गेल्या आठवड्यात एखादा लेख शोधल्यापासून तो वाचून होईपर्यंत काय काय केलंत, ते फोन हातात घेऊन दाखवा," असं म्हणा. इतिहासाचा विद्यार्थी दप्तरखान्यातले फोटो दाखवील, समाजशास्त्राची विद्यार्थिनी मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज दाखवील, रसायनशास्त्राचा संशोधक जर्नलच्या नव्या अंकाचे मेल दाखवील. तिघांचं दुखणं वेगळं असतं आणि तिघांना एकाच सत्रात बसवलं तर प्रत्येकाचा दोन-तृतीयांश वेळ वाया जातो.

एका सत्राला एकच काम

आता सत्राचं उद्दिष्ट एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात क्रियापद हवं आणि ती क्रिया डोळ्यांना दिसेल अशी हवी. "सहभागींना संदर्भ-व्यवस्थापन ॲप्सची ओळख होईल" हे वाक्य तपासता येत नाही. "सत्र संपताना प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याच्या विषयाचे तीन लेख पूर्ण नोंदीसह साठवलेले असतील, त्यांपैकी एकात एक टीप लिहिलेली असेल आणि तिन्हींची संदर्भसूची त्याने स्वतःला मेल केलेली असेल" हे वाक्य तपासता येतं.

माझ्या अनुभवात चार सत्रांत बहुतेक गरजा बसतात. पहिलं, लेख शोधणं आणि पूर्ण मजकुरापर्यंत पोहोचणं. दुसरं, साठवणं, वाचणं, टिपा लिहिणं. तिसरं, छापील साहित्य स्कॅन करून शोधण्याजोगं करणं. चौथं, क्षेत्रकार्य, म्हणजे मुलाखती, सर्वेक्षण, निरीक्षणं. चारही घ्यायलाच हवीत असं नाही. नव्याने सुरू करत असाल तर दुसरं सत्र आधी घ्या. त्याचा फायदा लगेच दिसतो आणि तोंडी प्रसिद्धी आपोआप होते.

ॲपची निवड: इथे वेळ द्या

ॲप निवडताना मी पहिला प्रश्न विचारते तो बाहेर पडण्याचा: उद्या हे ॲप बंद झालं तर वाचकाचं काम बाहेर काढता येईल का? हा प्रश्न काल्पनिक नाही. मेंडली हे संदर्भ-व्यवस्थापनासाठी, म्हणजे लेखांच्या नोंदी साठवून संदर्भसूची करण्यासाठी, पुष्कळ वापरलं जाणारं साधन. त्याची अँड्रॉइड आणि आयफोनवरची ॲप्स मार्च २०२१ मध्ये बंद झाली. संगणकावरचं मेंडली चालू राहिलं, पण फोनवर वाचून टिपा लिहायची सवय लागलेल्यांना दुसरी सोय शोधावी लागली. मायक्रोसॉफ्टचं लेन्स हे स्कॅनिंगचं ॲप वर्षानुवर्षं कार्यशाळांमध्ये शिकवलं जायचं. तेही बंद करणार असल्याचं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं. मोठी कंपनी आहे म्हणून ॲप टिकेल, असं धरून चालता येत नाही.

म्हणून संदर्भांच्या ॲपमधून आरआयएस किंवा बिबटेक या स्वरूपात नोंदी बाहेर काढता यायला हव्यात. ही दोन्ही स्वरूपं जवळजवळ प्रत्येक संदर्भ-व्यवस्थापक वाचतो. टिपा साध्या मजकुरात, सर्वेक्षणाचा डेटा सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये), स्कॅन पीडीएफमध्ये. जे ॲप फक्त स्वतःच्याच बंद पेटीत माल ठेवतं, ते कितीही देखणं असलं तरी मी सत्रात घेत नाही.

दुसरा प्रश्न: अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं का? एकाच प्रकारच्या फोनवर चालणारं ॲप निवडलंत तर खोलीतले काही जण तासभर नुसते बघत बसतील. तिसरा: इंटरनेट नसताना काय होतं? प्रवासात आणि दूरच्या गावात क्षेत्रकार्य करताना नेमकं तेव्हाच लागतं. फोन विमान-मोडवर टाकून स्वतः करून पाहा. चौथा: फुकट म्हणजे नेमकं किती फुकट? साठवणुकीची मर्यादा, पानांची मर्यादा, ठरावीक दिवसांनी सुरू होणारी वर्गणी, हे सगळं आधी शोधून सत्रात स्पष्ट सांगा.

पाचवा प्रश्न खाजगीपणाचा. ॲपल डिसेंबर २०२०पासून आणि गूगल प्ले २०२२पासून प्रत्येक ॲपच्या पानावर ते कोणता डेटा गोळा करतं याची माहिती दाखवतात. ही माहिती ॲप बनवणाऱ्यांनी स्वतः दिलेली असते, त्यामुळे ती अंतिम पुरावा मानू नये, पण पहिली चाळणी म्हणून उपयोगी पडते. स्कॅनरच्या ॲपला कॅमेरा लागणारच. त्याला संपर्कयादी कशाला हवी? सहभागींनाही हा प्रश्न विचारायची सवय लावा. ॲप स्टोअरमध्ये एकसारख्या नावांची आणि चिन्हांची ॲप्स भरपूर असतात, म्हणून नुसतं नाव सांगून शोधायला लावू नका. थेट दुवा द्या आणि बनवणाऱ्याचं नाव तपासायला सांगा.

या चाळणीतून माझ्याकडे सहसा काय उरतं ते सांगते. संदर्भांसाठी झोटेरो. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रातून २००६ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचं आहे. आयफोनवरचं ॲप २०२२ मध्ये आलं, अँड्रॉइडवरचं त्यानंतर. फोनच्या ब्राउझरमध्ये लेखाचं पान उघडून 'शेअर' दाबलं आणि झोटेरो निवडलं की नोंद तयार होते, पीडीएफ मिळण्याजोगी असेल तर तीही सोबत येते. पीडीएफवर रंगीत खुणा, टिपा करता येतात आणि त्या संगणकावरच्या झोटेरोत दिसतात. फायलींच्या सिंकसाठी ३०० एमबी जागा फुकट मिळते. नोंदींच्या सिंकला ही मर्यादा नाही. हा फरक सत्रात नीट समजावून सांगा. सगळ्या पीडीएफ ढकलल्या की जागा भरते आणि लोकांना वाटतं ॲप बिघडलं.

शोधासाठी गूगल स्कॉलर घेत असाल तर एक गोष्ट आधीच सांगा: २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचं अधिकृत ॲप नाही. ते फोनच्या ब्राउझरमध्येच वापरायचं. स्टोअरमध्ये त्या नावाच्या आसपासचं काही दिसलं तर ते गूगलचं नव्हे. ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने आत शिरून सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स'पाशी आपल्या ग्रंथालयाचं नाव जोडलं, की ग्रंथालयाने ही सोय चालू केलेली असल्यास निकालाशेजारी आपल्या सदस्यत्वाचा दुवा दिसू लागतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेकांनी केलेलं नसतं. 'ऑल व्हर्जन्स' दाबायला शिकवा. प्रकाशकाकडे कुलूपबंद असलेला लेख पुष्कळदा लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात खुला सापडतो.

तुमचं ग्रंथालय ब्राउझाइनसारख्या सेवेचं सदस्य असेल तर जर्नलचे नवे अंक चाळण्यासाठी ते दाखवा. नसेल तर जर्नलच्या सूचनांचे मेल पुरतात. क्षेत्रकार्यासाठी ओडीके कलेक्ट आणि कोबो ही दोन साधनं मी सुचवते. त्यांची ॲप्स फक्त अँड्रॉइडवर चालतात, आयफोनवाल्यांना प्रश्नावली ब्राउझरमध्ये भरावी लागते, हे आधीच सांगा. ओडीकेची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या परिसरात झाली. दोन्हींमध्ये प्रश्नावली आधी फोनवर उतरवून घेता येते, इंटरनेट नसताना भरता येते आणि जाळं मिळाल्यावर पाठवता येते.

उत्तरं लिहून देणाऱ्या एआय ॲप्सचा विषय टाळू नका. सहभागी ती वापरतातच. ही ॲप्स कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधांचे संदर्भ अगदी खऱ्यासारखे रचून देतात. उपाय फोनवरच करता येतो. संदर्भात डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर तो १०. ने सुरू होतो. डीओआयच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून तो कुठे पोहोचतो ते पाहायचं. नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. लेख सापडला तरी थांबायचं नाही. लेखक, वर्ष जुळतात का, आणि लेखात खरंच तो मुद्दा आहे का, हेही पाहायचं. मी या सरावाला दहा मिनिटं ठेवते आणि ती कधी वाया गेलेली नाहीत.

लॉगिन: बहुतेक कार्यशाळा इथे अडतात

ग्रंथालयाच्या संगणकावर लेख सहज उघडतो, कारण प्रकाशकाला संस्थेच्या जाळ्याचा आयपी पत्ता दिसतो. फोनचं तसं नसतं. वायफाय जरा क्षीण झालं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि मग संस्थेची ओळख संपते. आयफोनवर 'आयक्लाउड प्रायव्हेट रिले' चालू असेल तर वायफाय असूनही प्रकाशकाला संस्थेचा पत्ता दिसत नाही. संस्थेचं नसलेलं व्हीपीएन ॲप चालू असेल तरी तेच. सहभागी म्हणतो, "माझ्याच फोनवर उघडत नाही," आणि खोलीतल्या कोणालाही कारण कळत नाही.

दुसरी अडचण ब्राउझरची. मेलमधून किंवा समाजमाध्यमाच्या ॲपमधून आलेली लिंक दाबली की ती पुष्कळदा त्या ॲपच्याच पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे केलेलं लॉगिन क्रोम किंवा सफारीला ठाऊक नसतं. माणूस तीन वेळा पासवर्ड टाकतो आणि कंटाळून सोडून देतो. म्हणून पहिला नियम: दुवा मुख्य ब्राउझरमध्ये उघडा.

तुमच्याकडे दूरस्थ प्रवेशासाठी ईझीप्रॉक्सी आहे, ओपनॲथेन्स आहे की आणखी काही, ते तांत्रिक विभागाकडून नेमकं समजून घ्या आणि त्याची पूर्ण वाट फोनवर चालून पाहा. ही तालीम ग्रंथालयात बसून करू नका. घरी जा, वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर, साध्या विद्यार्थ्याच्या खात्याने लॉगिन करा. कर्मचाऱ्यांच्या खात्याला जास्त परवानग्या असू शकतात आणि तुम्हाला दिसणारी वाट विद्यार्थ्याला दिसत नाही. प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट घ्या. अँड्रॉइडचे वेगळे, आयफोनचे वेगळे. हेच स्क्रीनशॉट पुढे हस्तपत्रिकेत लागतील.

पासवर्ड विसरणारे निम्मे तरी भेटतील असं धरून चाला. पासवर्ड बदलण्याचा मेल संस्थेच्या खात्यावर जातो आणि ते खातं फोनवर जोडलेलंच नसतं, हा नेहमीचा गुंता. म्हणून सत्राच्या तीन दिवस आधी पाठवायच्या मेलमध्ये पहिली ओळ हीच लिहा: "आजच फोनवरून ग्रंथालयाच्या खात्यात लॉगिन होतं का ते पाहा. होत नसेल तर सत्राआधी आमच्याकडे या."

दीड तास कसा वाटायचा

'साठवणं, वाचणं, टिपा' या सत्राची माझी आखणी देते. संख्या पंधरा ते वीस. वीसच्या वर गेलात तर दोन तुकड्या करा.

पहिली दहा मिनिटं गॅलरीची. प्रत्येकाने आपल्या फोनमधला संशोधनाचा एक फोटो किंवा पीडीएफ काढायची आणि शेजाऱ्याला सांगायचं की हा संदर्भ कुठला. निम्म्याहून अधिक जण अडतात. यानंतर कार्यशाळा कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुढची पंधरा मिनिटं मी एक लेख शोधण्यापासून साठवण्यापर्यंत पूर्ण करून दाखवते, न थांबता, पडद्यावर. मग पंचवीस मिनिटं त्यांची. प्रत्येकाने आपल्या विषयाचे तीन लेख साठवायचे. नमुन्याचे लेख देऊ नका. स्वतःचा विषय असला की अडचणी खऱ्या येतात: जुन्या लेखाला डीओआय नसतो, स्थानिक जर्नलची नोंद अर्धवट येते, लेखकाचं नाव आणि आडनाव उलटसुलट पडतं. आलेली नोंद पानाशी ताडून दुरुस्त करणं हा या सत्राचा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि घाईत तोच गळतो. यंत्राने आणलेली नोंद बरोबरच असते हा समज इथेच मोडायला हवा.

त्यानंतर पंधरा मिनिटं वाचन आणि टिपा. रंग कसे वापरायचे हे मी ठरवून देत नाही, पण एक आग्रह धरते: प्रत्येक खुणेपाशी स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायची. लेखकाचं वाक्य आणि आपलं वाक्य वेगळं ओळखू येईल असंच लिहायचं. वाङ्मयचौर्याची कितीतरी प्रकरणं लबाडीतून होत नाहीत. टिपेत उतरवलेलं वाक्य चार महिन्यांनी आपलंच वाटायला लागतं, तिथून ती सुरू होतात.

मग दहा मिनिटं बाहेर पडण्याची: संदर्भसूची तयार करून स्वतःला मेल करणं आणि नोंदी आरआयएसमध्ये काढणं. झोटेरोत आरआयएसचं काम ब्राउझरमधल्या वेब लायब्ररीतून होतं. उरलेली पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. ती नेहमी संपतात.

स्कॅनिंगच्या सत्रात क्रम वेगळा, पण एक सवय पक्की करा: पहिला फोटो शीर्षकपानाचा, दुसरा त्याच्या मागच्या पानाचा, मग हवी ती पानं, पृष्ठक्रमांक चौकटीत येतील अशी. पुस्तकाचा कणा न दाबता, खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात, फोन पानाला समांतर धरून. नंतर ओसीआर, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणं. तुमचे वाचक ज्या भाषांत आणि लिप्यांत काम करतात त्यांवर ॲप स्वतः तपासा. इंग्रजी पान अचूक वाचणारं ॲप देवनागरी जोडाक्षरांत किंवा जुन्या खिळ्यांच्या छपाईत अडखळू शकतं. आयफोनवर २०१७पासून फोटो बहुधा हेइक स्वरूपात साठवले जातात आणि ते सगळ्या संगणकांवर उघडत नाहीत, म्हणून स्कॅनरच्या ॲपमधूनच थेट पीडीएफ करायला सांगा.

खोलीची आणि उपकरणांची तयारी

तीस जणांनी दीडशे एमबीचं ॲप एकाच वेळी उतरवायला घेतलं तर साडेचार जीबी झाले. त्यात वायफाय गुदमरतं आणि पहिली वीस मिनिटं जातात. ॲप घरून टाकून यायला सांगा, आणि तरीही काही जण न टाकता येतील हे गृहीत धरून त्यांच्यासाठी दहा मिनिटं आधी खोली उघडा. फोनमध्ये मोकळी जागा आहे का, हेही आधीच्या मेलमध्ये विचारा.

फोनचा पडदा प्रोजेक्टरवर बिनतारी दाखवण्यावर विसंबू नका. संस्थांच्या वायफायवर दोन उपकरणांना एकमेकांशी बोलण्याची मुभा पुष्कळदा बंद केलेली असते. केबल ठेवा, अँड्रॉइडचा पडदा यूएसबीने संगणकावर आणण्यासाठी एससीआरसीपीवाय (scrcpy) हे मुक्त साधन चांगलं आहे. बोट कुठे टेकलं ते पडद्यावर दिसत नाही ही आणखी एक अडचण. अँड्रॉइडच्या 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये 'शो टॅप्स' चालू केलं की बोटाखाली ठिपका उमटतो. डॉक्युमेंट कॅमेरा असेल तर त्याखाली फोन ठेवणं याहून सोपं. दाखवायचा फोन स्वतःचा रोजचा नको. निदान 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा आणि वेगळं नमुना खातं वापरा.

हस्तपत्रिका कागदावरच द्या. फोनवर काम करताना सूचनाही फोनवरच वाचायच्या म्हटलं की माणूस सारखा मागे-पुढे करत राहतो. पत्रिकेवर क्यूआर कोड छापा आणि खाली छोटा पत्ताही लिहा, कारण काहींचा कॅमेरा कोड ओळखत नाही. कोपऱ्यात "तपासलं:" लिहून तारीख टाका. ॲपमधल्या बटणांच्या जागा बदलतात. वाचणाऱ्याला चित्र किती जुनं आहे ते कळायला हवं.

एक्स्टेन्शन बोर्ड, दोन्ही प्रकारच्या पिनांच्या चार्जिंग केबल, आणि ग्रंथालयाचे टॅबलेट असतील तर तीन-चार चार्ज केलेले. स्मार्टफोन नसलेला किंवा खूप जुना फोन असलेला माणूस येतो तेव्हा त्याला सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका. नोंदणीच्या अर्जात "तुम्हाला सत्रापुरता टॅबलेट लागेल का?" एवढा साधा प्रश्न ठेवा आणि टॅबलेट आधीच त्याच्या जागेवर ठेवा.

सत्र चालू असताना

एकटीने वीस फोन सांभाळता येत नाहीत. दर सात-आठ जणांमागे एक मदतनीस हवा. आधीच्या तुकडीतले विद्यार्थी या कामाला फार चांगले, कारण कुठे अडखळायला होतं ते त्यांना ताजं आठवत असतं. बसवताना अँड्रॉइडवाले एका बाजूला, आयफोनवाले दुसऱ्या बाजूला. शेजारी शेजाऱ्याला मदत करू शकतो आणि मदतनीसही वाटून देता येतात.

मदतनीसांना एकच सूचना द्या: दुसऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही. बोटाने दाखवा, तोंडाने सांगा. फोन घेऊन झटपट करून दिलं की काम होतं पण शिकणं होत नाही, आणि फोनमध्ये माणसाचं सगळं खाजगी आयुष्य असतं.

दृष्टिहीन किंवा अंधुक दिसणारे सहभागी असतील तर निवडलेलं ॲप आयफोनच्या व्हॉइसओव्हरवर आणि अँड्रॉइडच्या टॉकबॅकवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयींवर, आधी चालवून पाहा. काही ॲप्समध्ये बटणांना नावंच दिलेली नसतात आणि वाचक यंत्र नुसतं 'बटण, बटण' म्हणत राहतं. असं ॲप बदला. ओसीआर न केलेलं स्कॅन त्यांच्यासाठी कोऱ्या कागदासारखं असतं. स्लाइडवर मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा रंगभेद ४.५ : १ तरी असावा, हा वेबसाठीच्या सुगम्यता निकषांतला आकडा इथेही पाळा. आणि "इथे दाबा" असं म्हणू नका. "वर उजवीकडे, शेअर" असं म्हणा.

मुलाखती आणि दस्तऐवजांच्या सत्रात नीतीचे प्रश्न पायऱ्यांमध्येच गुंफा, शेवटी वेगळं व्याख्यान नको. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी संमती, हीच पहिली पायरी. आवाजाचा मजकूर करून देणारं ॲप ध्वनिफीत बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतं की फोनवरच काम करतं, हे पाहणं दुसरी. ज्याने भरवशावर आपली हकिगत सांगितली त्याचा आवाज कुठे जातो, याची जबाबदारी संशोधकावर असते. फोटोंमध्ये स्थळाची नोंद आपोआप साठते. संवेदनशील ठिकाणी काम करणाऱ्यांनी कॅमेऱ्याची ती परवानगी बंद करावी. अख्खं पुस्तक स्कॅन करणं आणि अभ्यासापुरती काही पानं घेणं यात कायद्याच्या दृष्टीने फरक आहे, हे ग्रंथपालाने सांगितलंच पाहिजे.

नंतरचं काम

"कार्यशाळा कशी वाटली?" या प्रश्नाला सगळे "छान" लिहितात. त्याऐवजी सुरुवातीला लिहिलेलं उद्दिष्टाचं वाक्य काढा आणि किती जणांनी संदर्भसूची मेल केली ते मोजा. वीसपैकी बाराच जणांनी केली असेल तर उरलेले आठ कोणत्या पायरीवर थांबले ते मदतनीसांना लगेच, खोली आवरतानाच विचारा. दुसऱ्या दिवशी ते विसरतात.

तीन आठवड्यांनी अर्ध्या तासाची एक बैठक ठेवा, कसलंही सादरीकरण नसलेली. लोक फोन घेऊन येतात, अडलेलं दाखवतात. याच वेळी कळतं की कोणाच्या फोनवर ॲप अजून आहे आणि त्यात कालची नोंद आहे की फक्त सत्रात साठवलेले तीन लेख. या बैठकीला येणारे कमी असतात. पाच जण आले तरी घ्या, कारण पुढच्या सत्राचे मदतनीस त्यांच्यातूनच मिळतात.

पुढचं सत्र ठरलं की आठवडाभर आधी सगळ्या पायऱ्या दोन्ही प्रकारच्या फोनवर पुन्हा करा: ॲप स्टोअरमध्ये आहे का, फुकट मर्यादा बदलली का, लॉगिनचं पान बदललं का, स्क्रीनशॉट जुळतात का. मला याला साधारण तीन तास लागतात. मग हस्तपत्रिकेवरची तारीख बदलते आणि छापायला देते.